कुत्र्या-मांजरांना लिव्हर टॉनिक: आधी बाटली की आधी तपासणी?

चिंगीची आई, सांगली

आमची चिंगी सात वर्षांची, अंगाने गुबगुबीत, ५.८ किलो. मे महिन्यात घर रंगवायला काढलं आणि तिने खाणं टाकलं. दोन दिवस वाटलं, रंगाच्या वासाने असेल. तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात "मांजर खात नाही" एवढंच सांगितलं, तर लिव्हर टॉनिकची बाटली हातात पडली. दिवसातून दोनदा २ मिली. मी नेमाने पाजलं.

पाचव्या दिवशी ती खिडकीत बसली होती. मागून ऊन कानावर पडलं आणि कानाची पाळी हळद माखल्यासारखी दिसली. ओठ वर करून पाहिलं, हिरड्याही पिवळ्या.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. यकृतात चरबी साठली होती. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी सुटून यकृतात येते, आणि मांजराच्या यकृताला तो भार पेलत नाही. यावरचं खरं औषध म्हणजे अन्न. मानेतून अन्ननलिकेत नळी घालावी लागली. पाच आठवडे दिवसातून सहा वेळा पातळ केलेलं खाणं सिरिंजने सोडायचं, मग नळी तुंबू नये म्हणून ५ मिली पाणी. चिंगी वाचली. पण ते दोन दिवस मी बाटलीवर विसंबून घालवले, हे मनातून जात नाही.

म्हणून मांडते: कारण कळल्याशिवाय यकृताचं कुठलंही सप्लिमेंट सुरू करू नये. दुकानदाराने तर देऊच नये.

माळावरचं घर, आजरा तालुका

ताई, चिंगी वाचली हे वाचून बरं वाटलं. पण तुमचं म्हणणं सांगलीत चालेल, आमच्याकडे नाही. आमच्या भागात जनावरांचे डॉक्टर गुरुवारी येतात. त्या दिवशी दवाखान्यापुढे म्हशींची रांग असते, कुत्र्याचं रक्त तपासायचं यंत्र तिथे नाही. मोत्याला मागच्या पावसाळ्यात गोचीड ताप आला. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी चहासारखी. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या दिल्या आणि सोबत लिव्हर टॉनिक. महिन्याभरात मोत्या पुन्हा गुरांमागे धावायला लागला. आता पुण्याहून मुलगा यकृताच्या गोळ्या पाठवतो, त्याही चालू आहेत.

तपासणीची सोय असलेल्यांनी तपासणी करावी. ज्यांना नाही त्यांच्या हातातली बाटलीही काढून घेऊ नका. आमच्या आजीच्या काळी कुत्र्याला कावीळ झाली की भुईआवळा वाटून द्यायचे, त्यापेक्षा हे बरंच.

पावसाळी छत्री

मोत्या इंजेक्शन आणि डॉक्सीसायक्लिनने बरा झाला. टॉनिक नसतं तरी झाला असता. श्रेय मात्र बाटलीला मिळतं आणि पुढच्या वेळी लोक तेवढीच बाटली आणतात, हा खरा धोका आहे.

माळावरचं घर, आजरा तालुका

मी तेवढीच बाटली आणली असं कुठे म्हटलं? डॉक्टरांनीच दिली होती.

लॅबवाला, पुणे

मी सप्लिमेंटच्या बाजूचा आहे आणि कारण सांगतो. आमच्या लॅब्राडोरचं एसजीपीटी (रक्तात तपासतात ते यकृताचं एन्झाइम) सतत वाढलेलं होतं. शेवटी यकृताचा तुकडा तपासला, तेव्हा तांबं साठलेलं निघालं. लॅब्राडोरमध्ये हा आजार आढळतो. तांबं काढणारी पेनिसिलामाइन आणि कमी तांब्याचा आहार हे मुख्य उपचार, पण सोबत एसएएमई (यकृतासाठी देतात ते एक सप्लिमेंट) आणि दूधकाटेरीच्या (मिल्क थिसलच्या) बियांतलं सिलिमरिनही आहे. लोमस्टिन या कॅन्सरच्या औषधावर असलेल्या कुत्र्यांत ही जोडी दिल्यावर यकृताची एन्झाइम कमी चढली, असं अभ्यासात दिसलंय. विषारी अळंबी दिलेल्या बीगल कुत्र्यांवर सिलिबिनिनचे (सिलिमरिनमधल्या मुख्य घटकाचे) प्रयोग १९८० च्या दशकातच झाले. सगळं एका माळेत ओवून "निरुपयोगी" म्हणणं अन्यायाचं आहे.

चिंगीची आई, सांगली

निरुपयोगी म्हटलेलं नाही. तुम्ही तर आधी तुकडा तपासलात, मग गोळ्या दिल्या. मी तेच मागते आहे.

ठाण्यातला ताप

पण अपाय काय आहे? वनस्पतीच तर आहे.

जनावरांची डॉक्टर

अपाय कुठे होतो, ते सांगते.

एक, वेळ. चिंगीच्या बाबतीत तेच झालं. मांजराने पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी दवाखाना, त्यात टॉनिकचा प्रयोग नको. दोन, माणसांची सिरप. काहींत गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्यात साखर कोसळवतं आणि यकृतही निकामी करू शकतं. "ताप आहे वाटतं" म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देणारेही दर पावसाळ्यात येतात, एका गोळीने मांजर जातं. तीन, आकड्यांवर उपचार. कुत्र्याचं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम स्टेरॉइडने वाढतं, फिटच्या फेनोबार्बिटोननेही वाढतं, वाढत्या पिल्लात हाडांमुळे वाढलेलं असतं. अशांना महिनोन्‌महिने टॉनिक पाजलं जातं आणि यकृताला काहीच झालेलं नसतं. उलट मांजरात थोडं वाढलं तरी मी गांभीर्याने घेते, कारण त्यांच्या रक्तातून ते काही तासांत ओसरतं.

अशी कारणं नसतील तर एन्झाइम वाढणं म्हणजे बहुधा पेशींना इजा किंवा पित्ताचा अडथळा. यकृत काम किती करतंय हे पाहायला रक्तातलं पित्ताम्ल (बाइल ॲसिड) तपासतात, एकदा उपाशीपोटी आणि एकदा खाल्ल्यावर दोन तासांनी.

आता आजऱ्याच्या ताईंचं. त्यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो. यंत्र नसेल तर डॉक्टर लक्षणांवर आणि गोचीड पाहून औषध देतात, त्यात चूक नाही. पण काविळीत पावसाळ्यातला लेप्टोही असतो, तो उंदरांच्या लघवीतून येतो आणि माणसालाही होतो. मोत्याची लघवी पुसताना हातमोजे घाला. रक्ताचा नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवता येतो. सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) वेगळं काढून बर्फाच्या पिशवीत ठेवलं तर दुसऱ्या दिवशी तपासलं तरी चालतं.

आणि एसएएमई कोणी देत असेल तर लक्षात ठेवा: रिकाम्यापोटी, अख्खी गोळी. आतड्यात विरघळावी म्हणून तिला आवरण असतं, फोडली की पोटातच वाया जाते. खाणं त्यानंतर तासाभराने.

माळावरचं घर, आजरा तालुका

अहो डॉक्टर, मुलगा पाठवतो त्या डबीवर तेच नाव आहे. मी आजवर ती दूधभातात कुस्करून देत आले. कोणी सांगितलंच नाही. उद्या पहाटे धार काढायच्या आधी देते, भात नंतर. आणि या गुरुवारी डॉक्टरांना सीरमचं विचारते. बर्फाची पिशवी आमच्या शेजारच्या मासळीवाल्याकडे मिळेल.