यादीत नसलेलं घर आणि मालकाचा हिशेब

"घर वारसा यादीत नाही, मग मालक हवं ते काढेल," असं जुन्या घरांच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते साधारणपणे कायद्याला धरूनच आहे. बडोद्यात तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, पण तिथल्याच दांडिया बाजार भागातल्या सगळ्याच जुन्या घरांना तसा वाली नाही. पण मालकाचं नुकसान कुठे होतं तेही बघा.

सागवानी खांब आणि कोरीव ब्रॅकेट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकले की पैसे एकदाच मिळतात. तसं लाकूड परत घ्यायचं म्हटलं तर डोळे पांढरे होतील. त्याहून वाईट म्हणजे चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं. मग विटांना लोणा (पांढरा क्षार) लागतो, भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजतात, आणि खापर फुटतं "जुन्या बांधकामा"वर. गवंडीही सिमेंटच सुचवतो, कारण चुना मळायला वेळ कोणाला आहे!

वाळवीने खाल्लेली खिडकी बदलावीच लागते, मान्य. पण चौकट ठणठणीत असेल तर फक्त झडपा बदला. अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायचीच असेल तर मागच्या अंगणाकडे बसवा, रस्त्याकडे नको.