मदत हवी आहे: नातीच्या वाढदिवसाला घरी फ्लेमिंगोचा केक (बिनअंड्याचा, मे महिन्यातला)

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी,

मुक्काम नेरुळ. मे महिन्यात नातीला पाच वर्षं पूर्ण होतायत. केक फ्लेमिंगोचा हवा आणि तो आजोबांनीच करायचा, हे तिनं परस्पर ठरवून बिल्डिंगभर सांगूनही टाकलंय. मलाही तो मनापासून करायचाय. साधा केक मी नेहमी करतो. घरी जुना गोल, अल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला इलेक्ट्रिक ओव्हन आहे आणि त्याचा अंदाज हाताला बसलेला आहे. प्राण्यापक्ष्याचा आकार मात्र कधी केलेला नाही, म्हणून हा धागा.

सुनेनं आधी बेकरीत विचारलं होतं. तिथल्या अल्बममध्ये फोंडंटचा (साखरेच्या लगद्याचा), डोळे मिटलेला, डोक्यावर मुकुट घातलेला गुलाबी पक्षी होता. नातीनं तो नीट बघितला आणि म्हणाली, "ह्याची चोच चुकलीय." बरोबरच बोलली. टी. एस. चाणक्यच्या पाणथळीवर आम्ही सकाळी जातो तेव्हा दिसणाऱ्या थव्यांत बहुतेक लहान फ्लेमिंगो असतात. त्यांची चोच अख्खी गडद, लांबून काळीच वाटते. पोरगी दुर्बिणीतून हे सगळं बघते आणि लक्षात ठेवते. तेव्हा केकवरचा पक्षी आपल्या खाडीतला दिसला पाहिजे, ह्यात तडजोड नाही.

आता अडचणी सांगतो.

सगळ्यात मोठी म्हणजे मान आणि पाय. पक्षी उभा करणार नाही, पाटावर आडवा मांडलेला चपटा आकारच करायचाय. तरी ती नागमोडी मान केकमधून कापायची कशी? मध्येच तुटली तर जोडता येते का? मान वर आणि पाय खाली असा अख्खा पक्षी मांडला तर पाट केवढा होईल, हाही प्रश्न आहे. फ्रिजचा कप्पा मोजून बघितला, 18 बाय 12 इंचांपेक्षा मोठं काही आत जाणार नाही.

दुसरी अडचण उकाड्याची. कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये आहे. पंखे आहेत, एसी नाही. मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळी सहालाही अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असतात. अशा हवेत क्रीम किती वेळ तग धरेल?

तिसरी, रंग. बीट उकडून त्याचा रस वापरावा असं मनात आहे.

अंडं घालायचं नाही. घरात चालतं, पण येणाऱ्या पंचवीसेक मुलांत जैन आणि गुजराती घरची बरीच आहेत. कुणासाठी वेगळी बशी काढायची वेळ येऊ नये, सगळ्यांनी एकाच केकमधलं खावं अशी माझी इच्छा आहे. माझी कृती अशी: 400 ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, 250 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम लोणी, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि लागेल तसं दूध. केक मऊ होतो, पण आकार कापायला गेलो तर भुगा पडेल अशी धास्ती वाटते.

आणि अजून एक. परवा नात हळूच विचारत होती, "आजोबा, मग त्याला सुरीनं कापायचं?" मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

पिठीसाखर:

काका, नमस्कार. मी ठाण्यात घरून केकच्या ऑर्डरी घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बीट डोक्यातून काढा. जैन मुलं येणार म्हणताय ना? बीट म्हणजे कंदमूळ, त्यांना चालायचं नाही. शिवाय बीट पिठात घातलं तर सोडा आणि भट्टीची आच ह्यांत तो गुलाबी रंग टिकत नाही, केक तांबूस-तपकिरी होतो. क्रीममध्ये रस घातला तर क्रीम पातळ होतं. जेल कलर घ्या. हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक बघून घ्या. टूथपिकच्या टोकाला लागेल एवढाच पुरतो. रंग मिसळून अर्धा तास तसाच ठेवा, मुरल्यावर तो गडद होतो, म्हणून आधी फिकटच ठेवायचा. गुलाबीत कणभर केशरी घातलात तर पिसांचा रंग येईल. नुसता गुलाबी खेळण्यातला वाटतो.

क्रीमबद्दल. साधं फ्रेश क्रीम फेटत बसू नका. त्यात स्निग्धांश 25 टक्क्यांच्या आसपास असतो, ते उभं राहतच नाही. बाजारात गोठवलेलं व्हिपिंग क्रीम मिळतं ते छान फुलतं, पण एसी नसलेल्या हॉलमध्ये मी त्याच्यावर विसंबणार नाही. तुमच्यासाठी व्हाईट चॉकलेटचं गनाश योग्य. तीन भाग व्हाईट कंपाउंड (केकसाठी मिळतं ते साधं चॉकलेट), एक भाग क्रीम. म्हणजे 600 ग्रॅमला 200. आणि इथे ते साधं फ्रेश क्रीम चालतं. क्रीमला कडेनं बुडबुडे आले की गॅस बंद करा, बारीक चिरलेल्या कंपाउंडवर ओता, पाच मिनिटं हात लावू नका, मग मधून सुरुवात करून ढवळत बाहेर या. झाकून फ्रिजमध्ये ठेवा. लावायच्या आधी तासभर बाहेर काढलंत की चक्क्याइतकं घट्ट आणि मऊ होतं, सुरीनं नीट पसरतं.

फोंडंट नकोच. फ्रिजमधून दमट हवेत आणलं की त्याला घाम सुटतो, रंग ओघळतो, आणि मुलं ते सोलून बशीत ठेवून देतात.

तुमची कृती चांगली आहे, बदलू नका. फक्त केक आदल्या दिवशी भाजा. पूर्ण गार झाल्यावर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये आणि कापायच्या आधी पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा. कडक झालेला केक ब्रेडच्या दातेरी सुरीनं कापला की कडा स्वच्छ येतात. जो काही भुगा सुटेल तो गनाशच्या पहिल्या पातळ थरात बसतो. तो थर वीस मिनिटं गार करून घट्ट झाला की वरून गुलाबी थर द्यायचा.

मानेचं मात्र मलाही कोडंच आहे. एवढी लांब मान मी कधी केलेली नाही.

पक्षीवेडा ऐरोली:

काका, मला केकमधलं काही कळत नाही, फ्लेमिंगोमधलं थोडं कळतं. मान वर केलेला का करताय? ओहोटीला चिखल उघडा पडला की हे पक्षी तासन् तास मान खाली घालून खात असतात. डोकं उलटं करून चोच चिखलात बुडवायची आणि पाणी गाळून आतलं शेवाळ खायचं. मान खांद्यापासून कमानीसारखी वळून खाली येते, डोकं पायांच्या पातळीला. म्हणजे तुमचा पाट निम्म्यावर आला. आणि नात रोज बघते ते दृश्य हेच.

चिखलाशिवाय फ्लेमिंगो करू नका. आपल्या खाडीत ते येतात ते त्या चिखलातल्या खाण्यासाठी, आणि तो गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच अंगावर चढतो, पिल्लं जन्मतात तेव्हा राखाडी असतात. 2015 साली ठाणे खाडीचं अभयारण्य झालं, 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव आलं, त्याच्या मुळाशी हा चिखल, ही शेवाळं आणि काठची खारफुटी आहे. पोरीला हे सांगा, तिला आवडेल.

बेकरीतला पक्षी बहुधा अमेरिकन फ्लेमिंगो असणार. तो अंगभर गुलाबी-केशरी असतो आणि त्याच्या चोचीचं फक्त टोक काळं असतं. आपल्याकडे तो येत नाही. आपल्याकडचा मोठा फ्लेमिंगो अंगानं बराच पांढरट, चोच गुलाबी आणि टोक काळं. नात म्हणते ती चोच लहान फ्लेमिंगोचीच.

पायाच्या मधला सांधा मागे वळलेला दाखवा. लोक त्याला गुडघा समजतात, तो असतो घोटा. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. पंखातली काळी पिसं उडतानाच नीट दिसतात, तेव्हा खाणाऱ्या पक्ष्याला ती काढायची गरज नाही. पाठीवर थोडे गडद गुलाबी फटकारे पुरेत.

पिठीसाखर:

वा! मग मानेचं कोडं सुटलं की. काका, हे असं करा.

6 इंची गोल डब्याला तूप आणि मैदा लावा, मधोमध स्टीलची वाटी उपडी ठेवा. वाटीलाही बाहेरून तूप-मैदा लावा आणि वर काहीतरी वजन ठेवा, नाहीतर पीठ फुगताना ती सरकते. भाजल्यावर कडं तयार होईल. ते अर्धं कापलंत की अर्धं कडं म्हणजे खाली वाकलेली मान, आयती! उरलेल्या अर्ध्यातून डोकं काढा. मान मुळाशी जाड आणि डोक्याकडे निमुळती तासा.

धड 7 इंची गोल केकमधून. दोन्ही बाजूंनी एकेक चंद्रकोर कापून टाका, मध्ये पानाचा आकार राहील. त्याचं एक टोक शेपटी, दुसऱ्या टोकाला मान जोडायची. कापलेल्या कोरींतली एक पाठीवर पंख म्हणून ठेवा, उंची येते. जोडांत गनाश भरा. आधी वर्तमानपत्रावर पूर्ण आकार काढून, कापून, पाटावर ठेवून बघा आणि मगच केकला सुरी लावा.

पाय आणि चोच केकची करू नका. बटर पेपरवर पेन्सिलीनं पाय काढा, कागद उलटा करा आणि वितळलेलं व्हाईट कंपाउंड कोनात भरून त्या रेघांवर जाड सोडा. फ्रिजमध्ये दहा मिनिटांत सुटतात. कागदाला टेकलेली बाजू गुळगुळीत असते, ती वर ठेवलीत की कागद उलटा केल्यामुळे आकार काढला होतात तसाच दिसतो, हे लक्षात ठेवा. दोन जादा करा, एखादा मोडतोच. ह्या कंपाउंडमध्ये जेल कलर अजिबात घालू नका, त्यातल्या पाण्यानं सगळं घट्ट होऊन गोळे होतात. त्याला तेलातले चॉकलेट कलर वेगळे मिळतात. चोच डार्क कंपाउंडची, मग रंगाचा प्रश्नच नाही. वेफरच्या कांड्या लावायच्या भानगडीत पडू नका, दमट हवेत मऊ पडतात.

दोन पोरांची आई:

काका, नातीच्या प्रश्नाबद्दल लिहिते. आमच्याकडे वाघाचा केक केला होता तेव्हा धाकट्यानं सुरी बघून भोकाड पसरलं. वरचे दादा म्हणतात तो चिखल तुम्हाला इथे उपयोगी पडेल. 8 इंची चौकोनी चॉकलेट केक वेगळा भाजा, त्याचे मधोमध दोन तुकडे करा आणि पाटाच्या खालच्या कडेला ओळीनं लावा. 16 इंच लांब, 4 इंच रुंद चिखल झाला. वरून डार्क गनाश ओबडधोबड, पाय आणि चोच त्यात खोचलेली. मेणबत्त्या चिखलात, सुरीही चिखलात. पक्षी मुलांसमोर कापायचाच नाही. चिखलाचे तुकडे वाटून होईपर्यंत पाट आत न्या आणि पक्ष्याचे तुकडे आतच करून आणा. तिला आधीच सांगून ठेवा की सुरी फक्त चिखलाला लागणार.

शिवाय पंचवीस मुलं म्हणजे दोन किलोच्या वर केक लागणारच. किलोला दहा-बारा तुकडे धरा. नुसता पक्षी पुरला नसता.

आणि आधी केक, मग खेळ. लोक उलटं करतात आणि केक तासभर पंख्याखाली बसतो.

खाडीकाठ:

मंडळी, काय बोलू! मान खाली घातलेल्या पक्ष्याचं नातीला सांगितलं तर तिनं लगेच कागदावर काढून दाखवला, घोट्यासकट. सुरी चिखलाला लागणार हे ऐकून म्हणाली, "मग चिखल जास्त कर." तेव्हा चौकोनी केक नक्की.

चिखलासाठी माझ्याच कृतीत 50 ग्रॅम मैदा कमी करून तेवढी कोको पावडर घालतो. बरोबर होईल ना? कंपाउंड आणि तेलातले रंग वाशी-नेरुळकडे कुठे मिळतील? पाटाला प्लायवूडवर फॉइल लावली तर चालेल का?

पिठीसाखर:

50 जरा जास्त होईल, केक कोरडा पडतो. 35 ग्रॅम कोको घाला, तेवढाच मैदा कमी करा आणि दूध दोन-तीन चमचे वाढवा. चमचाभर कॉफी गरम दुधात विरघळवून घातलीत तर चॉकलेटचा स्वाद खुलतो, कॉफीची चव लागत नाही.

सामान मी ठाण्याला जांभळी नाक्यावरून आणते, क्रॉफर्ड मार्केटला तर सगळंच मिळतं. कंपाउंड दुपारच्या उन्हात आणू नका, सकाळी जाऊन या आणि पिशवीत बर्फाची थैली ठेवा. प्लायवूड चालेल, पण फॉइल सुरीनं फाटते आणि तिचे तुकडे केकला चिकटतात. वर बटर पेपर किंवा जाड प्लास्टिक ताणून लावा, खालून टेप. आणि तयार पाट फ्रिजमध्ये जातो का ते रिकाम्या पाटानंच आधी बघून घ्या, दाराच्या आतल्या बाटल्यांना तो अडतो.

खाडीकाठ:

पाट घालून बघितला. दाराचा खालचा कप्पा काढून ठेवला की व्यवस्थित जातो. शनिवारी भाजणार, रविवारी सकाळी कापणार. वाटीवर वजन म्हणून काय ठेवता ते तेवढं सांगा, आमच्या ओव्हनचं झाकण खाली असतं.

पिठीसाखर:

मग वाटी उपडी नको, सुलटी ठेवा आणि तिच्यात मूठभर कोरडे छोले घाला. झाकणाला काही लागणार नाही.