पॅरिसमधला हा 'कार्नो' नक्की कोणता? बाबांशी पैज लागली आहे

पॅरिसपाहुणी

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त आठ महिने पॅरिसमध्ये आहे, सतराव्या विभागात. रविवारी आर्क द त्रियाँफपाशी उभी राहून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्या चौकातून 12 रस्ते फुटतात. फोन फिरवत एकेक दाखवत होते, तेवढ्यात निळी पाटी दिसली: आव्हेन्यू कार्नो. बाबा खुर्चीतून उठलेच. "फोन हलवू नकोस! अगं, हा आपला कार्नॉट!"

बाबांनी पॉलिटेक्निकमध्ये 31 वर्षं थर्मल शिकवलं. आमच्याकडे चहा गार झाला तरी कार्नॉट सायकल (उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम काढता येईल, ते ठरवणारं इंजिनाचं आदर्श चक्र) निघते. मी म्हटलं, बाबा, या चौकात ऑश, क्लेबेर, मार्सो असे सगळे सेनापती बसलेत, हाही त्यांच्यातलाच कुणी असणार. झालं, पैज लागली. बाबा हरले तर ते आईला कार्नॉट सायकल न चिडता समजावून सांगणार. (लग्नाला 40 वर्षं झाली, अजून जमलेलं नाही.)

आता घोळ असा. घरमालकीणबाई म्हणतात, कार्नो राष्ट्राध्यक्ष होते, त्यांचा खून झाला. ऑफिसातला एक जण म्हणतो, तो गणितज्ञ. आणि माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर 'लिसे कार्नो' नावाची शाळाही आहे. माणूस एक की अनेक? शिवाय मी 'कार्नॉट' म्हटलं की इथे कुणाला कळत नाही, आणि 'कार्नो' म्हटलं तरी भुवया वर जातात.

माजी_बॉयलरवाला

ताई, वडिलांना माझा नमस्कार सांगा. पैज तुम्ही जिंकलात. पण ते हरले ते घरातल्या घरातच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रस्ता आहे लाझार कार्नोचा. जन्म 1753, बर्गंडीतलं नोले गाव. शिक्षणाने लष्करी इंजिनिअर. क्रांतीनंतर चहूबाजूंनी शत्रू चालून आले तेव्हा प्रजासत्ताकाच्या फौजांची जुळवाजुळव यानेच केली. फ्रेंच लोक त्याला 'विजयाचा संयोजक' म्हणतात. राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं, आणि पुढे 1804 मध्ये नेपोलियन सम्राट व्हायला निघाला तेव्हा त्याच्या विरोधातही बोलला. असा माणूस कोणत्याच दरबारात फार दिवस टिकत नाही. 1823 मध्ये जर्मनीतल्या माग्देबुर्गला, परक्या मुलखात वारला. तुमच्या ऑफिसातला माणूसही बरोबर आहे: भूमितीतलं त्रिकोणाचं कार्नो प्रमेय याच लाझारचं.

वडिलांचा कार्नो म्हणजे याचा मुलगा. पूर्ण नाव निकोला लेओनार सादी कार्नो. 'सादी' कुठून आलं? शिराझचा फारसी कवी सादी, बापाचा आवडता. वर्गात मी पोरांना सांगायचो, नाव सादी पण डोकं साधं नव्हे. हसायचं कुणी नाही, तो भाग वेगळा.

या सादीने 1824 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, उष्णतेपासून मिळणाऱ्या शक्तीवर एक छोटं पुस्तक काढलं. 118 पानं, 600 प्रती. इंजिन वाफेवर चालो नाहीतर हवेवर, काम किती मिळणार ते ठरतं गरम बाजू आणि थंड बाजू यांच्या तापमानांवर, असं त्याचं म्हणणं. पुस्तक जवळजवळ कुणी वाचलं नाही. 1832 मध्ये पॅरिसला कॉलऱ्याची साथ आली, त्यात सादी गेला, वय 36. साथीच्या भीतीने त्याचे बरेचसे कागदही नष्ट झाले. दोन वर्षांनी क्लापेरों नावाच्या इंजिनिअरने त्याचा विचार आकृती काढून मांडला. आपण फळ्यावर काढतो ती दाब-आकारमानाची आकृती तिथून आली.

आता तुमच्या उच्चाराचं. 1845 मध्ये विल्यम थॉमसन नावाचा स्कॉटलंडचा तरुण पॅरिसला होता. क्लापेरोंचा लेख वाचून मूळ पुस्तक हवं म्हणून तो दुकानोदुकानी हिंडला. दुकानदारांना ऐकू यायचं 'काइनो'. असा लेखकच नाही म्हणायचे. बऱ्याच खटाटोपाने त्याने मधला 'र' समजावला. तेव्हा दुकानदार घशातून गुळणी केल्यासारखा 'का-र्र्र-नो!' म्हणाला आणि आत जाऊन पुस्तक घेऊन आला. ते होतं इपोलित कार्नोचं, सामाजिक प्रश्नावरचं. इपोलित म्हणजे सादीचा धाकटा भाऊ! थोरल्याच्या पुस्तकाचं नावही कुणाला माहीत नव्हतं. थॉमसनच्या हाती ते लागलं 1848 संपता संपता.

हाच थॉमसन पुढे लॉर्ड केल्विन झाला. कार्नॉटच्या सूत्रात तापमान केल्विनमध्येच टाकायचं, सेल्सिअस टाकलं की मी शून्य मार्क द्यायचो. पण त्या केल्विनलाही एकदा पॅरिसमधून रिकाम्या हाताने परतावं लागलं होतं. तेव्हा भुवयांचं मनावर घेऊ नका.

लियोंकर

घरमालकीणबाईंचे राष्ट्राध्यक्ष म्हणजे तिसरी पिढी. त्या इपोलितचा मुलगा, नाव पुन्हा सादी. आजोबांचं आडनाव, काकांचं नाव, म्हणून हा सगळा गुंता. हाही इंजिनिअरच, 1887 पासून राष्ट्राध्यक्ष.

24 जून 1894 ला तो आमच्या लियोंमध्ये प्रदर्शनासाठी आला होता. मेजवानी आटोपून उघड्या बग्गीतून नाट्यगृहाकडे निघाला, आणि र्यू द ला रेप्युब्लिकवर एका विशीतल्या इटालियन पोराने पुढे होऊन सुरा खुपसला. सांते कासेरिओ, अराजकवादी, सेत बंदरात बेकरीत कामाला होता. व्हिएनपर्यंत (ऑस्ट्रियातलं नव्हे, लियोंजवळचं) गाडीने आणि तिथून पायी लियोंला पोहोचला होता. राष्ट्राध्यक्ष मध्यरात्रीनंतर गेले. त्यानंतर गावात इटालियन लोकांची दुकानं फोडली गेली, ज्यांचा यात काडीचा संबंध नव्हता त्यांची. त्याच रस्त्यावरून मी रोज ऑफिसला जातो. आता तिथे कपड्यांची आणि मोबाइलची दुकानं आहेत.

तुमच्या घराजवळची शाळा याच्या नावाची. खुनानंतर 1895 मध्ये नाव बदललं. आधी ती होती 'एकोल माँज'. हा माँज म्हणजे लाझारचा मेझिएरच्या लष्करी शाळेतला गुरू! गुरूची पाटी काढून शिष्याच्या नातवाची लावली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ज्याक शिराक याच शाळेत शिकले.

म्हणजे तुमच्या एकट्या सतराव्या विभागात आजोबांचा रस्ता आणि नातवाची शाळा. 1889 मध्ये आजोबांच्या अस्थी जर्मनीतून आणून पाँतेओंमध्ये (थोरांच्या समाध्या असलेली पॅरिसमधली इमारत) ठेवल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हा नातूच होता.

कुंडीवाली

मला इंजिनमधलं ओ की ठो कळत नाही, पण 'प्रेसिडेंट कार्नो' माझ्या बाल्कनीत आहे. बिगोनिया! उसासारखी पेरं असलेली उंच जात, गुलाबी झुपके खाली लोंबतात. 'सुव्हनीर द्यु प्रेझिदाँ कार्नो' नावाचा फिकट गुलाबी गुलाबही आहे, लियोंच्या पेर्ने-द्युशेने काढलेला, साल 1894. म्हणजे खुनाच्याच वर्षीचा. 'सुव्हनीर' म्हणजे आठवण; ती का, ते आज कळलं.

माजी_बॉयलरवाला

वा, फुलझाडंही निघाली. मग खनिजही घ्या: कार्नोटाइट. युरेनियम आणि व्हॅनेडियमचं, हळदीसारखं पिवळं. हे नाव राष्ट्राध्यक्षांचा भाऊ आदोल्फ कार्नो, खाण-इंजिनिअर, त्याच्यावरून. 1921 मध्ये अमेरिकेने मारी क्युरीला एक ग्रॅम रेडियम भेट दिलं, ते कोलोरॅडोच्या कार्नोटाइटमधूनच काढलेलं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात कार्नो नावाचं शहर आहे, ते राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं. आणि ताई, वडिलांचं सांत्वन करायचं तर सांगा, त्यांच्या कार्नोच्या नावाचं विवर चंद्रावर आहे. पलीकडच्या बाजूला, आपल्याला कधी न दिसणाऱ्या. त्याच्या नशिबाला साजेसं.

आयफेल टॉवरवर शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची 72 आडनावं कोरली आहेत, त्यातही 'कार्नो' आहे. तिथे पहिली नावं नाहीतच, म्हणून पुढची पैज तिथे लावू नका, कधीच मिटायची नाही. (त्यातला 'द्युमा'ही कादंबरीकार नव्हे, रसायनवाला.)

पॅरिसपाहुणी

सगळ्यांचे आभार! कॉलवर सगळं वाचून दाखवलं. केल्विनची गोष्ट ऐकून बाबा गप्पच झाले. मग म्हणाले, "31 वर्षं शिकवलं आणि हे मला ठाऊक नसावं?" आणि लगेच, "पण बापाचाच रस्ता ना, म्हणजे अर्धी पैज माझी." दिली नाही.

आईला समजावण्याचा कार्यक्रम काल झाला. वहीच्या पाठीमागे बाबांनी गणित मांडलं: वाफ 540 अंशांवर, म्हणजे 813 केल्विन. थंड पाणी 30 अंशांवर, म्हणजे 303. एक वजा 303 भागिले 813. म्हणजे उष्णतेपैकी साधारण 63 टक्क्यांचंच काम. यापेक्षा जास्त कुणाचा बापही काढू शकत नाही, म्हणाले, आणि प्रत्यक्ष कोळशाच्या वीज केंद्रात 35 ते 40 मिळाले तरी खूप.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे निम्म्याहून जास्त कोळसा नुसता पाणी तापवायला? मग त्या गरम पाण्याचं करतात काय?"

बाबा अजून तेच समजावताहेत. न चिडता.