रॉ २६४.७ मध्ये १८ तासांनी साल्मोनेला कमी का दिसतो?

कल्चरवाला: रॉ २६४.७ (उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींची प्रयोगशाळेतली जात) मध्ये साल्मोनेला टायफिम्युरियम (एसएल१३४४ हा स्ट्रेन) मोजतोय. रात्रभराचं कल्चर सकाळी पातळ करून ३ तास वाढवलेलं, एमओआय १० (एका पेशीमागे १० जिवाणू), पेशींबाहेरचे जिवाणू मारायला जेंटामायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली शेवटपर्यंत. २ तासांचे सीएफयू (प्लेटवर कॉलनी मोजून काढलेले जिवंत जिवाणू) छान येतात, १८ तासांना दहापट घट. हा जिवाणू तर आत वाढतो ना?

अगारप्लेट: वाढतो, पण वाढलेले मोजणीपर्यंत टिकत नाहीत. ३ तासांच्या कल्चरमध्ये एसपीआय-१ (पेशीत घुसायला लागणारा जनुकांचा गट) जोरात चालू असतं. त्याची प्रथिनं आणि फ्लॅजेलिन (जिवाणूच्या शेपटीचं प्रथिन) मॅक्रोफेजच्या आत पोचलं की एनएलआरसी४ या पेशीतल्या पहारेकरी प्रथिनामार्गे कॅस्पेस-१ हे एन्झाइम चालू होतं आणि पेशी फुटते. बाहेर पडलेले जिवाणू जेंटामायसिनच्या तावडीत सापडतात. म्हणून इथे रात्रभराचं स्टेशनरी कल्चरच घ्या. १० टक्के उंदराच्या सीरममध्ये ३७ अंशांवर २० मिनिटं ऑप्सोनाइझ करा (सीरममधली प्रथिनं जिवाणूंवर चिकटली की मॅक्रोफेज त्यांना सहज गिळतात), प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये ५ मिनिटं हलकी फिरवा, ३० मिनिटं इनक्युबेट, पीबीएसने (क्षारांचं बफर) ३ वेळा धुवा. मग १०० मायक्रोग्रॅम फक्त १ तास, पुढे १० ते २०. जेंटामायसिन पटलातून सहज शिरत नाही, पण मॅक्रोफेज भोवतालचं माध्यम सतत पीत असतात. १८ तास १०० ठेवलंत तर औषध आत जाणारच.

पोकळीतला: सहमत. शिवाय रॉ पेशींत एनरॅम्प१ (साल्मोनेलाला रोखणारं पेशीचं प्रथिन) निकामी आहे, त्यामुळे पेशींनीच इतके मारले हे पटत नाही. जिवाणू पेशीत ज्या पोकळीत राहतो ती आम्ल झाली की एसएसआरए-बी ही जिवाणूची संवेदक जोडी जागी होते, एसपीआय-२ (आत वाढायला लागणारा जनुकांचा गट) ची सुई उभी राहते आणि तिच्यातून सिफए हे प्रथिन बाहेर पडून पोकळीचं पटल टिकवतं. आम्लता हाच जिवाणूचा इशारा आहे. बॅफिलोमायसिनने (पोकळीत आम्ल पंप होणं थांबवणारं औषध) ती रोखली तर एसपीआय-२ नीट चालूच होत नाही. सोबत एसएसएव्ही म्युटंट (एसपीआय-२ ची सुई न चालणारा) लावाच. मूळ स्ट्रेन वाढला आणि म्युटंट मागे राहिला, तरच पद्धत बरोबर बसली म्हणायची.

कल्चरवाला: माध्यमात पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन) आहे. एसएल१३४४ स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाही, म्हणजे चालेल?

अगारप्लेट: नाही, पेनिसिलिन उरतंच. पेशी आदल्या दिवशीच अँटिबायोटिक नसलेल्या माध्यमावर घ्या. १८ तासांच्या वरच्या द्रवात एलडीएच (पेशी फुटल्यावर बाहेर पडणारं एन्झाइम) मोजा. जास्त आलं तर पेशी फुटताहेत. पेशी फोडायला ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालण्याआधी शेवटच्या धुण्याचं पीबीएसही प्लेटवर पसरवा. त्यावर कॉलनी आल्या तर बाहेरचे जिवाणू मेलेले नाहीत, मग २ तासांचा आकडाही फुगलेला आहे.