जामीन झाला, पण जामीनदारच नाही

मुक्ता_ल:
मोबाइल चोरीचा गुन्हा, कमाल शिक्षा ३ वर्षे. कोर्टानं १५,००० चा जातमुचलका (आरोपीची स्वतःची लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार अशा अटीवर जामीन दिला. आरोपी बिहारचा बिगारी. सातबारा किंवा घरपट्टीची पावती घेऊन त्याच्यासाठी इथे कोण उभं राहणार? महिना उलटला, तो आतच आहे. गरीब कैद्यांच्या सरकारी योजनेतून पैसे मिळतील का?

पक्षकार:
पैशाआधी अट बदलून घ्या. योजना रक्कम भरते (२०२३ मध्ये कच्च्या, म्हणजे खटला संपलेला नसलेल्या, कैद्यासाठी मर्यादा ४०,००० ठरली होती), जामीनदार आणून देत नाही. आदेशात जामीनदारच मागितला असेल तर मंजूर पैसा भरणार कुठे?
नवा जामीनअर्ज नको. त्याच कोर्टात अट शिथिल करण्याचा अर्ज द्या: केवळ जातमुचलक्यावर सोडावे, नपेक्षा झेपेल एवढा रोख जामीन घ्यावा. सोबत सुप्रीम कोर्टाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश जोडा. त्यांनुसार महिनाभरात जामिनाच्या अटींची पूर्तता झाली नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. मोतीराम निकालही (१९७८) जोडा. तो गवंडी होता. १०,००० चा जामीन मागितला, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला नाकारलं. सुप्रीम कोर्टानं १,००० च्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं.

कच्चा_कैदी:
आदेशानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. ते पत्र गेलं का, आधी विचारा.
दुसरं, त्याच्यावर आणखी एफआयआर आहेत का? प्रत्येक केसचा जामीन आणि मुचलका वेगळा; एक राहिला तरी गेट उघडत नाही. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ मध्ये आधी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश मुदतीनंतर, म्हणजे इथे १ वर्षानं, सुटका आहे. पण एकाहून जास्त केसेस प्रलंबित असतील तर पोटकलम २ आडवं येतं. किरकोळ चोरीचे गरीब आरोपी नेमके तिथेच अडकतात. हे पोटकलम बदलायलाच हवं.

सदा_वि:
पण जामीनदार नसेल तर तो गावी पळेल. फिर्यादीनं काय करायचं?

पक्षकार:
रास्त प्रश्न. पण बनावट रेशनकार्डावर उभा राहिलेला भाडोत्री जामीनदार आरोपीला ओळखतही नाही, तो काय हजर करणार? अर्जातच गावचा पत्ता, दोन नातेवाइकांचे फोन आणि मुकादमाचा पत्ता द्या, पोलिसांना पडताळू द्या. ठाण्यात आठवड्याची हजेरी स्वतःहून मान्य करा. आणि सुटताना पुढची तारीख त्याच्या हातात हिंदीत लिहून द्या. गैरहजर राहिला की वॉरंट निघतं आणि तो पुन्हा आत जातो.