चिंक्वे तेर्रे: आईबाबांना घेऊन कोर्नीलियात मुक्काम जमेल का?

गोरेगाव_पूर्व: मे महिन्यात इटलीला जायचं ठरतंय. बाबांचे गुडघे कुरकुरतात आणि दोघंही शाकाहारी. चिंक्वे तेर्रे म्हणजे समुद्रकाठची पाच गावं, त्यांत कोर्नीलिया सगळ्यात शांत म्हणतात. तिथे दोन रात्री राहावं का? आणि समुद्र सोडून बघायचं काय?

रूळमित्र: मुक्काम नको. गाव समुद्रापासून शंभरेक मीटर वर आणि स्टेशन खाली. मधे लार्दारीना नावाचा विटांचा जिना, सुमारे 380 पायऱ्या. मिनीबस आहे, पण ती दर गाडीला जोडून सुटेलच असं नाही. बॅगा जवळच्या ला स्पेझिया शहरात ठेवा आणि दिवसा फिरा. चिंक्वे तेर्रे कार्ड, म्हणजे इथे फिरायचा पास, घेताना ट्रेनवालंच घ्या. ट्रेकिंग कार्डात रेल्वे येत नाही. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी यंत्रात पंच करावं लागतं, नाहीतर तिकीट हातात असूनही दंड.

गडगेवाला: बघायचे ते गडगे, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या भिंती! उतारावरच्या द्राक्षमळ्यांची प्रत्येक पायरी दगडी गडग्यावर उभी आहे. सिमेंट नाही, चुना नाही. तळाला मोठे दगड, दर्शनी बाजू डोंगराकडे किंचित कललेली आणि मागे बारीक दगडांची भर, म्हणजे पावसाचं पाणी फटींतून निथळतं. ही भर मातीने बुजली की पाणी मागे तुंबतं, गडग्याला पोट येतं आणि एका मोठ्या पावसात तो कोसळतो. मळे ओस पडले की डागडुजी थांबते आणि धोका वाढतो. 25 ऑक्टोबर 2011 च्या पावसात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही यांतलीच दोन गावं चिखलाने भरली. 1997 पासून हा परिसर युनेस्कोच्या यादीत आहे, 2018 मध्ये गडगे रचण्याची कलाही नोंदली गेली. फोटोसाठी त्यांच्यावर चढू नका, वरचा दगड निखळला की खालचे सुटतात.

जवळून बघायचे तर पाचांतल्याच मानारोला गावाहून बसने वरच्या वोलास्त्राला जा. बस तुम्हाला थेट मळ्यांच्या उंचीवर सोडते. तिथून कोर्नीलियापर्यंतची वाट शेवटी तीव्र उताराची आहे, गुडघ्यांना चढापेक्षा तीच बाधते. बाबांनी वोलास्त्रातच थोडं फिरून बसने परतावं.

गोरेगाव_पूर्व: मग त्यांच्यासाठी ती प्रेमिकांची वाट कशी? आणि जेवण?

रूळमित्र: व्हिया देल्लामोरे, रिओमाज्जोरे ते मानारोला, एक किलोमीटरही नाही आणि जवळपास सपाट. दरड कोसळल्यामुळे 2012 पासून बंद होती, 2024 मध्ये उघडली. वेळ आधी आरक्षित करावी लागते. बाकीच्या वाटांवर चपला घालून गेलात तर दंड आहे, आणि हवामानाचा इशारा आला की वाटा बंद. सकाळी तपासूनच निघा.

डाळीचं_पीठ: फारिनाता मागा: चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, भट्टीत भाजलेलं. आपल्या धिरड्याचा जाड भाऊ. पेस्तो ही तुळशीची चटणी, हिरवी दिसते म्हणून फसू नका, त्यातल्या पार्मिजानो चीजसाठी दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं. चीज नको असेल तर टोमॅटो आणि तुळशीचा पास्ता सांगा, आणि "सेन्त्सा अच्चूगे", म्हणजे अँचोव्ही मासे नकोत, म्हणायला विसरू नका. मोंतेरोस्सोत हे खारवलेले छोटे मासे कशातही पडतात.