थाई विवाह दाखला यूएईसाठी अटेस्ट करायचा आहे, पण 'कुलकर्णी'चे 'कुनकान्नी' झाले! मदत हवी आहे

दुबईकर_नाशिकचा

मंडळी, एरवी मी वाचनमात्र असतो. आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय.

मी नोकरीनिमित्त दुबईत, बायको थाई, माहेर उबोन राचथानी. लग्न १४ फेब्रुवारी २०२३ रोजी बँकॉकच्या बांग राक जिल्हा कार्यालयात नोंदवलं. 'राक' म्हणजे प्रेम, त्यामुळे व्हॅलेंटाइनला तिथे जोडप्यांची झुंबड असते. हौस तिची, रांगेतला घाम माझा.

तेव्हा भारतीय दूतावासातून अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, त्याचा थाई अनुवाद, त्यावर थाई परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का हे सगळं एजंटने केलं. मी फक्त दाखवील तिथे सही केली. आता दीड वर्षाने तिला माझ्या स्पॉन्सरशिपवर इकडे आणायचंय, तर तोच प्रवास उलटा करायचाय, थाईतून इंग्रजीत.

गेल्या महिन्यात ती रात्रीच्या गाडीने बँकॉकला गेली. चेंग वथाना रस्त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा कॉन्सुलर विभाग आहे. आसपास अनुवादाची दुकानं, बाहेर मोटारसायकलवर गिऱ्हाईक हेरणारी पोरं. त्यातल्या एका दुकानाने अर्ध्या तासात अनुवाद करून दिला. खिडकीवरच्या बाईंनी पेन्सिलने दोन गोल काढले आणि कागद परत केला.

पहिला गोल माझ्या आडनावाला. दाखल्यावर थाईत 'कुलकर्णी' बऱ्यापैकी बरोबर लिहिलंय. पण थाईत शब्दावयवाच्या शेवटी 'ल' आला की उच्चार 'न' होतो. दुकानदाराने उच्चारावरून इंग्रजी केलं आणि मी झालो कुनकान्नी. (बायकोच्या गावाचंही तेच. उबोन म्हणजे आपलं उत्पल, कमळ. लिहिताना शेवटी 'ल', म्हणताना 'न'. राचथानी म्हणजे राजधानी, हे ओळखलंच असेल.)

दुसरा गोल सालाला. इंग्रजी अनुवादात लग्नाचं वर्ष २५६६! थाई लोक बुद्ध संवत वापरतात, त्यातून ५४३ वजा करायचे. ते केलेच नाहीत.

प्रश्न:
१) मूळ दाखला बदलून घ्यावा लागेल का?
२) अनुवाद मी दुबईत करून घेतला तर चालेल का?
३) तिला पुन्हा बँकॉकला न पाठवता काही होईल का? घरी सासूबाई आजारी आहेत.

चिकट_भात

अहो कुनकान्नी, घाबरू नका. ११ वर्षं बँकॉकमध्ये आहे, माझ्या मुलाच्या जन्मदाखल्यावर याहून भारी प्रकार झाला होता.

मूळ दाखल्याला हात लावू नका. थाई स्पेलिंग बरोबर आहे, चूक फक्त अनुवादात आहे. अनुवादकाला तुमच्या पासपोर्टची प्रत द्या आणि 'नाव यातलंच, अक्षर न् अक्षर' असं बजावा. बायकोचं नावही तिच्या पासपोर्टवरून. मंत्रालयात नाव पासपोर्टशी ताडून बघतात, म्हणून अर्जालाही ती प्रत जोडा.

खरं तर दुकानाची गरजच नाही. कॉन्सुलर विभागाच्या वेबसाइटवर विवाह, जन्म, घरनोंदणी अशा नेहमीच्या दाखल्यांचे अनुवादाचे नमुने आहेत. तुमच्या पत्नीला इंग्रजी येत असेल तर तीच नमुना भरू शकते. अनुवाद बरोबर असल्याचं लिहून अनुवाद करणाऱ्याने सही करायची.

दुबईत करून उपयोग नाही. थाई मंत्रालय मूळ कागद आणि अनुवाद शेजारी ठेवून तपासतं, शिक्का त्यानंतर. फी दर शिक्क्याला २०० बाट, तातडीचं हवं तर ४००.

आणि बँकॉक कशाला? उबोनलाच मंत्रालयाचं कार्यालय आहे, तिथे हे काम होतं. चियांग माई, सोंगखला, फुकेतलाही आहे. आधी ऑनलाइन वेळ घ्या.

एक विचारायचं राहिलं, तुमच्याकडे कोणता कागद आहे? नक्षीदार प्रमाणपत्र म्हणजे खो-रो ३. तपशील असलेली नोंद वेगळी, ती खो-रो २. दोन्हींचा अनुवाद करा, पुढे कोण काय मागेल सांगता येत नाही.

रिटायर्ड_हेडक्लार्क

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? दाखला भारतात पाठवा, अपोस्टिल, म्हणजे करारातल्या देशांत चालणारा एकच सरकारी शिक्का, करून घ्या. माझ्या पुतण्याचं चार दिवसांत झालं.

आखाती_कावळा

काका, पुतण्याचा दाखला भारतातला असणार. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, पण आपलं परराष्ट्र खातं अपोस्टिल देतं ते भारतीय कागदांना. थाई दाखल्यावर ते काय देणार? शिवाय थायलंड आणि यूएई दोघेही त्या करारात नाहीत. म्हणजे अपोस्टिल हा शब्दच विसरा.

धागाकर्ते, तुमचा क्रम असा: थाई परराष्ट्र मंत्रालय, मग बँकॉकमधला यूएईचा दूतावास, मग इकडे मोफा, म्हणजे यूएईचं परराष्ट्र मंत्रालय. मोफाला १५० दिरहम. त्यानंतर इथल्या लीगल ट्रान्सलेटरकडून अरबी अनुवाद. तो आधी करून ठेवू नका, शिक्क्यांचा मजकूरही त्यात यावा लागतो. माझ्या रूममेटने घाई केली आणि दोनदा पैसे भरले.

रिटायर्ड_हेडक्लार्क

बरं. माघार.

दुबईकर_नाशिकचा

सगळ्यांचे आभार, काकांचेही. आमच्याकडे फक्त खो-रो ३ होता. खो-रो २ ची प्रत बायकोने गावातल्या अम्फरमधून, म्हणजे तालुका कचेरीतून काढली. अनुवाद तिनेच केला, मी व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरून एकेक अक्षर वाचून दाखवलं. के, यू, एल. 'एल, न नाही!' असं तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिने फोन सासूबाईंच्या हातात दिला.

काल उबोनच्या कार्यालयाने दोन्ही कागद स्वीकारले, पेन्सिलचे गोल नाहीत. आता दूतावासाचा टप्पा उरलाय. त्यासाठी बँकॉक गाठावंच लागेल, पण तेवढ्यासाठी मीच चार दिवस रजा टाकतोय.

चिकट भात, एक शेवटचं. माझ्या भारतीय पासपोर्टवर पत्नीचं नाव चढवायला हाच संच चालेल का?

चिकट_भात

ती वेगळी साखळी आहे. यूएईच्या दूतावासाचा शिक्का त्यासाठी कामाचा नाही. तुम्ही राहता दुबईत, म्हणजे अर्ज तिथल्या भारतीय वकिलातीकडे. थाई दाखल्यावर काय लागेल ते त्यांनाच विचारा, बँकॉकच्या आपल्या दूतावासाचं साक्षांकन मागू शकतील. तुम्ही येताच आहात तर येण्यापूर्वीच विचारून घ्या, म्हणजे एका फेरीत दोन्ही होईल. त्यासाठी मंत्रालयाचा शिक्का असलेला आणखी एक संच उबोनलाच करून ठेवा. आपला दूतावास सुखुमवित २३ वर आहे. काम झालं की कळवा, तिथून जवळच जेवायला भेटू.